ती तळटीप कुणाची?

सोलापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं. १९३० च्या मार्शल लॉवर आपल्या गावची मुलगी मुंबईत बसून लिहितेय, याचा आनंद आहेच. पण एका वाक्यावर पेन्सिल अडली: चार हुतात्म्यांना म्हणे सोलापूरच्या तुरुंगात फाशी दिलं. अगं, चार पुतळ्यांवरून तू शाळेत जायचीस! धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली ती येरवड्यात. खाली तळटीप ऐटदार, प्रकाशक आणि पृष्ठ क्रमांकासकट. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून आलो, ते पुस्तक कुणाच्या ऐकिवातही नाही. तळटीप कुणी लिहिली, हे मग विचारायला नकोच.

चॅटजीपीटी हे मुद्दाम करत नाही. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते लिहीत जातं. सोलापूरचे हुतात्मे म्हटल्यावर सोलापूरचा तुरुंग शोभतोच की. पण व्हायवाला उत्तर तुला द्यायचंय, त्याला नाही.

कॉलेजातले फादर याबाबत फार कडक आहेत, अशी तुझी कुरकुर. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये 'अँटिक्वा एट नोव्हा' हे टिपण काढलं, ते वाच. एआय हा मानवी बुद्धीचा कृत्रिम अवतार नव्हे, त्या बुद्धीने घडवलेली वस्तू आहे, असं त्यात म्हटलंय. शिक्षणाबद्दलची तक्रार अशी, की बरेच प्रोग्राम विद्यार्थ्याला विचार करायला लावण्याऐवजी आयतं उत्तर देतात. सरसकट बंदी घाला, असं मात्र त्यात नाही. २०२५ मध्ये पोप झालेले लिओ चौदावे यांनीही नाव निवडताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या कामगारविषयक पत्राची आठवण काढली आणि एआयला नवी औद्योगिक क्रांती म्हटलं. १८९१ मध्ये आपली कापडाची जुनी मिल १४ वर्षांची होती. आपण त्यांच्या धर्माचे नसू, पण भोंग्यावर जगलेल्या गावाला यंत्र आणि माणसाचा हिशेब नव्याने शिकवावा लागत नाही.

इंग्रजी सुधारून घ्यायचंय? खुशाल घे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ती मदत मी नाकारणार नाही. फक्त प्रस्तावनेत तसं स्पष्ट लिही, आणि गाइडना आधी विचार. एआयने लिहिलेलं पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा मात्र ना आधार घे, ना धसका. ओपनएआयने स्वतःचंच तसलं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैत बंद केलं. म्हणूनच कच्चे खर्डे तारखेसकट जपून ठेव. उद्या तुझ्या स्वतःच्या वाक्यावरही कुणी संशय घेईल.

आता काम. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. गाइडचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. १९३० च्या गृह विभागाच्या 'स्पेशल' फायली मागव. फाइल क्रमांक स्वतःच्या हाताने उतरव. त्या फायलींच्या तळटिपा घातलेलं प्रकरण मला पाठव, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल.

तुझे,
सर