शिवाजी पुलाचा इतिहास लिहायचाय म्हणतोस, तर आधी खाली उतर

तुझा मेसेज वाचला. कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावर व्हिडिओ करतोयस हे झकास, पण ते "लंडनवरनं पत्र आलं, पुलाचं आयुष्य संपलं" वालं पहिलं वाक्य काढून टाक की. हा किस्सा राज्यातल्या जवळपास प्रत्येक जुन्या पुलाबद्दल सांगतात, आणि पत्र बघितलेला माणूस काय भेटत नाही.

त्यापेक्षा 1886 चं कोल्हापूरचं गॅझेटियर (इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) उघड, मग पुराभिलेखागारात, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथं, जाऊन अर्ज कर, तिथं वेळ लागतो पण बस निवांत. पूल 1870 च्या दशकातला, म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले त्यानंतरचा, गादीवर अल्पवयीन राजा आणि कारभार इंग्रजांच्या हातात, तेव्हा पैसा कुणाचा, सही कुणाची हे कागदावरच बघ. (महाराजांच्या स्मारकामुळं तिकडं फ्लॉरेन्समध्येही एका पुलाला 'इंडियन'चं नाव आहे, हे व्हिडिओत टाकलंस तरी चालेल.)

आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की घाटाकडनं खाली जाऊन पूल बघ. वरनं नुसता रस्ता दिसतो. कमान बांधताना खाली लाकडी साचा उभा करतात, त्यावर दोन्ही बाजूंनी ताशीव दगड चढवत आणतात आणि मधला कळीचा दगड बसला की मग साचा काढतात, तिथनं पुढं वरचं वजनच दगडांना एकमेकांवर दाबून धरतं. म्हणून कमान सहसा दगड फुटून जात नाही, खांबाखालची माती पुरानं खरवडली की जाते. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर जवळनं फोटो घे, मूळ दगडाला कसं ढकलतं ते कळेल.

2016 ला महाडजवळ सावित्रीचा पूल रात्री पुरात गेला, तोही दगडी कमानींचाच, आणि मग सगळ्यांना जुने पूल आठवले. आपल्याकडं शिवाजी पुलाला पर्यायी पूल अर्धवट पडून होता कारण शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी, जिथं रोमन काळातला पोसायडनचा ब्राँझचा पुतळा सापडला, आणि संरक्षित जागेजवळ बांधकामाला कायद्याची आडकाठी. तेवढ्यात जानेवारी 2018 ला याच जुन्या पुलावरनं मिनीबस कठडा तोडून नदीत पडली, 13 माणसं गेली. हे वगळून नुसतं "इंग्रजांचं बांधकाम लय भारी" करू नकोस, पूल उभाच होता तेव्हा, प्रश्न रस्त्याचा, कठड्याचा आणि रखडलेल्या फाइलचा होता.

कठड्यावर चढून शूट करायचं नाही, सांगून ठेवतो. गॅझेटियरमधलं पान सापडलं की आधी मला त्याचा फोटो टाक, व्हिडिओ नंतर.