बाळंत होऊन सहा आठवडे झाले तरी बहीण सारखी रडते. मदत कुठे मिळेल?
१४४१६ वर आजच फोन करा. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस फोनसेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. बाळंतपणानंतरचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. सहा आठवडे टिकलंय म्हणजे ‘बाळंतिणीचं असंच असतं’ म्हणून सोडू नका. प्रसूती केलेल्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिनबरो प्रश्नावली (१० प्रश्न, ३० गुण) भरून घ्या, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासा. अंगावर पाजते म्हणून घरचे गोळ्या बंद करतात, तिथेच आजार लांबतो. सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहसा चालतं. मात्र जीव द्यावासा वाटणं, बाळाला इजा करण्याचे विचार किंवा भास असतील तर फोन-सल्ल्यावर थांबू नका: आई-बाळ दोघांना एकटं न सोडता १०८ बोलवा.