‘राज्याच्या कायद्याने स्थापन’ म्हणजे सरकारी का?

प्रश्न : मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाणार. एका संस्थेच्या माहितीपत्रकावर ‘राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ’ असं छापलंय. म्हणजे ते सरकारीच ना? आणि मुलींची फी सरकार भरतं, ती सवलत तिथे मिळेल का? – एक पालक, धायरी

उत्तर : पैसे भरायच्या आधी विचारलंत, बरं केलंत. छापलेलं वाक्य खरं असू शकतं, पण त्यावरून सरकारी समजू नका.

आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कारभार २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमावर चालतो. सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, १८५४चं, पण २०२२पासून स्वतंत्र कायद्याने सार्वजनिक विद्यापीठ झालं. खासगी विद्यापीठंही विधिमंडळाच्या कायद्यानेच उभी राहिली. उदाहरणार्थ, पुण्याचं विश्वकर्मा विद्यापीठ २०१७चं. अशा खासगी विद्यापीठांना कायदा ‘स्वयंअर्थसहाय्यित’ म्हणतो, म्हणजे खर्च त्यांचा त्यांनीच भागवायचा. दुसरी कॉलेजं संलग्न करून घ्यायची मुभा त्यांना नाही. पदवी मात्र कायदेशीर असते, ती शंका मनातून काढा. ‘अभिमत’ (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा केंद्र सरकार देतं, तो १९५६च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याखाली.

कॉलेजांचं गणित निराळं. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं प्रवेशाचं काम केलं. एकदा इंदापूरकडचे एक गृहस्थ बी.कॉम.च्या फीएवढे पैसे रुमालात बांधून आले होते. मुलाला बीबीएला प्रवेश मिळालेला. इमारत तीच, पण बी.कॉम. अनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानावर चालणारं, आणि बीबीए विनाअनुदानित. फीचा आकडा ऐकून ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. हे त्यांना फॉर्म घेतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं, ही बोच मला आजही आहे. म्हणून सांगते, कॉलेज अनुदानित आहे एवढ्यावर थांबू नका, तो अभ्यासक्रम अनुदानित आहे का ते विचारा. ‘स्वायत्त’ शब्दाचा तर पैशाशी संबंधच नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची, एवढाच त्याचा अर्थ.

आता सवलतीचं. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. विनाअनुदानित कॉलेजंही यात येतात. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं स्पष्टपणे वगळली आहेत. त्यामुळे तुम्ही म्हणता ते विद्यापीठ खासगी असेल, तर ही सवलत तिथे नाही. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेलाही नाही, मग कॉलेज कुठलंही असो.

प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या यादीत कॉलेजच्या नावाखाली त्याचा दर्जा आणि विद्यापीठ छापलेलं असतं. पसंतीक्रम भरताना मुलीला शेजारी बसवून ती ओळ दोघांनी मिळून वाचा.