मुंबईहून एका दिवसात पक्षी आणि वाइन दोन्ही नीट होतं का?

होतं, आणि मस्त होतं, पण तुम्ही लिहिलंय त्या पॅकेजने नाही. ठाण्याहून चौघं जाणार, त्यातला एक जण पीत नाही, आणि टूरवाले सकाळी ७ ला निघून आधी तीन वायनरी आणि मग संध्याकाळी नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य दाखवतो म्हणतायत. हे घेऊ नका. क्रम उलटा करा, सकाळ पक्ष्यांना द्या आणि वायनरी एकच ठेवा, मग ती कुठलीही असू दे.

दोन-तीन ठिकाणी टेस्टिंग करून, उन्हात फिरून दमलेला ग्रुप पाणथळीवर आणला की मोठ्याने बोलणं, हसणं सुरूच राहतं आणि पक्षी लांब सरकतात, शिवाय अभयारण्यात पिऊन जाणं मला मुळात पटत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा तुम्ही तिथे पोचलेले पाहिजे, म्हणजे पहाटे साडेतीन-चारला घर सोडायचं. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे (भिवंडीजवळ) ते इगतपुरी टप्पा सुरू झाला त्यामुळे कसारा घाट टळतो, तो जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि पुढे सिन्नरच्या बाजूला उतरून निफाड तालुक्यात शिरता येतं. स्वेटर, कानटोपी खरंच न्या, निफाडला थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे वाटेतल्या द्राक्षबागांमधून धूर येताना दिसला तर तो शेकोट्यांचा असतो, कारण कडाक्याच्या थंडीने मणी तडकतात म्हणून शेतकरी रात्रभर जागून बाग उबदार ठेवतो. वाइन पिण्याआधी हे बघायला मिळालं तर फार चांगलं.

आता नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे ब्रिटिश काळात बंधारा बांधला, मागे वर्षानुवर्षं गाळ साचला आणि त्यातून उथळ पाणी, बेटं, दलदल, गवत असं सगळं तयार झालं. म्हणजे माणसाने कालव्यांसाठी अडवलेलं पाणी, पण आज तिथे दोनशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदलेत आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, तिथेच स्थानिक गाइड मिळतात, दुर्बीण-स्कोपसकट. टूरवाल्याचा मुंबईचा गाइड बरोबर असला तरी गावातला गाइड घ्याच, इथे पैसे वाचवू नका. त्या मुलांना आज पाणी किती आहे, कुठल्या कोपऱ्यात चिखल उघडा पडलाय हे माहीत असतं आणि सगळा खेळ त्यावरच असतो, कारण थापट्या बदक उथळ पाण्यात चोच घालून गाळत फिरतं, चित्रबलाक आणि चमचा हे लांब पायांचे पक्षी गुडघाभर पाण्यात, जांभळी पाणकोंबडी गवतात, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब पाण्यात कमी आणि शेतात चरताना जास्त दिसतात. नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पण. दलदल ससाणा वरून गेला की सगळी बदकं एकदम उठतात, तो आवाज ऐकाच. आणि ती मुलं हे काम करून घर चालवतात म्हणून गावाला पक्षी हवेसे वाटतात, माझ्या मते गाइड घेण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

दहापर्यंत उरकतं. मग मिसळ खाऊन घ्या, पण ती आत्ताच, टेस्टिंगच्या तोंडावर नको, तिखटाने जीभ बधिर झाली की पुढच्या ग्लासात काहीच कळत नाही.

वायनरी कुठली? नाशिकजवळ गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क, सोमा वगैरे आहेत, नांदूरहून सव्वा-दीड तास धरा. हे धरणही गोदावरीवरच, म्हणजे दिवसभर तुम्ही एकाच नदीच्या काठाने वर सरकत जाता, मला हा रूट त्यासाठीच आवडतो. उशीर झाला असेल तर इगतपुरीकडच्या सांजेगावची ग्रोवर झाम्पा बघा, परतीच्या बाजूला पडते. शक्यतो वीकेंड टाळा आणि टूरचा स्लॉट आधी बुक करा. जाताना नुसतं टेस्टिंग नको, बाग आणि टाक्या दाखवणारी टूर घ्या आणि गाइडला छाटणीबद्दल विचारा. युरोपात थंडीत वेल झोपतो आणि वर्षातून एकदा छाटतात, आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक एकच घेतात. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी या काळात स्थलांतरित पक्षीही असतात आणि वेलावर द्राक्षंही, तुमची तारीख यातच बसवा. जमलं तर वाइनचा एखादा मणी चाखून बघा, बारीक, बियांचा, जाड सालीचा आणि खाण्याच्या थॉमसन जातीच्या द्राक्षापेक्षा बराच गोड असतो. रेडचा रंग त्या सालीतूनच येतो.

टेस्टिंगला आधी पांढरी, मग रोझे (गुलाबी), मग रेड, गोड वाइन शेवटी. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असं नाही, थुंकायला भांडं मागा, कुणी वाईट मानत नाही. वाइनला वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र ठेवा. तुमच्यातला जो पीत नाही त्याच्याकडे मात्र आपोआप गाडी सोपवू नका, तो पहाटे तीनपासून जागा असणार. दिवसभराचा ड्रायव्हर घ्या, एकच वायनरी ठेवल्यावर पॅकेजचे जे पैसे वाचतील त्यात बराचसा खर्च निघेल, आणि चारच्या आत नाशिक सोडलंत तर रात्रीच्या जेवणाला घरी असाल.