नाशिकमध्ये राहून माउंटन बाइक रेसिंग सुरू करायचंय. तयार सायकल घ्यावी की एकेक पार्ट घेऊन जोडावी?

तयार की जोडलेली, एवढाच प्रश्न असता तर वाचून पुढे गेलो असतो. पण प्रश्नात पुढे तुम्ही लिहिलंय की सध्याच्या सायकलचे मागचे स्पोक सारखे तुटतात आणि दुकानदार म्हणतो 13 गेजचे जाड स्पोक टाकून देतो, कटकट मिटेल. तिथे राहवलं नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर: पहिली सायकल तयार घ्या, हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घ्या, आणि मागचं चाक स्वतः बांधायला शिका. आता स्पोकचं बघू.

जाड स्पोक टाकू नका.

हा सल्ला आपल्याकडे इतका पसरलाय त्याला कारण आहे. नाशिक हे रस्त्यावर लांब पल्ला मारणाऱ्यांचं गाव. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून तर इथे सायकल म्हणजे ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड), घाट आणि किलोमीटर. त्यात वाईट काहीच नाही. पण त्या अनुभवावर बेतलेलं ज्ञान पांडवलेणीमागच्या खडकांवर चालवायला गेलं की चाकं मरतात.

माझा हा वाद ब्रेव्हे करणाऱ्या एका काकांशी जुना आहे. त्यांच्या भाच्याची 29 इंची हार्डटेल होती. मागचे स्पोक तुटायचे, दुकानात एक बदलून मिळायचा, चाकाची आउट (डावी-उजवी डुगडुग) काढून द्यायचे, पुढच्या राइडला शेजारचा तुटायचा. काकांचं निदान ठरलेलं: पोरगं दगडांवरून उड्या मारतं, स्पोक बारीक आहेत, 13 गेज टाका. मी म्हटलं, तुटलेले तुकडे दाखवा. सगळे कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे, सगळे हबच्या फ्लँजपाशी (चाकाच्या मधल्या भागाच्या भोकं असलेल्या कडेपाशी), जिथे स्पोक वाकतो त्या कोपरावर तुटलेले. उडीने स्पोक असे एकाच जागी तुटत नाहीत. हे धातू थकल्याचं लक्षण आहे, आणि तो थकतो सैल राहिल्यामुळे.

चाकावर वजन आलं की वरचे स्पोक ताणले जातात असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात खाली जमिनीकडे आलेल्या दोन-चार स्पोकचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळजवळ तसाच राहतो. चाक फिरतं तसा प्रत्येक स्पोक एका फेरीत एकदा ढिला पडतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळात ताण भरपूर असेल तर तो कमी होऊनही शिल्लक राहतो. मुळातच कमी असेल तर खाली आल्यावर स्पोक पूर्ण मोकळा होतो, कोपर फ्लँजच्या भोकात हलतो, निपल (स्पोकला रिंगमध्ये धरणारं छोटं नट) आपोआप उलटं फिरायला लागतं. हजारो फेऱ्यांनंतर कोपर तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर. म्हणून एकेक बदलून काही होत नाही, बाकीचे त्याच वाटेवर असतात.

आता जाड स्पोक. 14 गेज म्हणजे 2.0 मिमी, 13 म्हणजे साधारण 2.3 मिमी. जाड स्पोक तेवढ्याच ताणाला कमी लांबतो. म्हणजे रिंग खाली जराशी दबली की तो आधी सैल पडतो. शिवाय बऱ्याच हबची भोकं त्यासाठी ड्रिलने मोठी करावी लागतात, म्हणजे फ्लँज कमजोर. चांगली चाकं बांधणारे उलट डबल-बटेड स्पोक वापरतात: टोकांना 2.0 आणि मध्ये 1.8 मिमी. मधला भाग लवचीक असल्यामुळे कोपरावरचा ताण कमी होतो. हे काकांना तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्या पोराचं चाक मी सगळं उकललं आणि नव्या स्पोकवर बांधलं. तीच रिंग, तोच हब. तुम्हालाही हेच करायचंय, म्हणून नीट सांगतो.

रिंग आणि हब तेच असेल तर जुन्या स्पोकची लांबी मोजा: कोपराच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंत. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असू शकते, दोन्ही मोजा. रिंग बदलली तर मात्र जुनी लांबी विसरा आणि रिंगचा परिणामी व्यास (ईआरडी, म्हणजे समोरासमोरच्या स्पोकची टोकं जिथे पोचतात त्यांच्यातलं अंतर) व फ्लँजची मापं घेऊन कॅलक्युलेटरवर काढा. 2 मिमीची चूकही नडते. स्पोक स्टेनलेसचे, निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल हलके असतात, पण आपला पाऊस आणि ट्यूबलेस सीलंट यांच्यात ते गंजून रिंगमध्येच अडकतात.

नवे स्पोक घालण्यापूर्वी जुने सगळे काढून मोकळी रिंग सपाट फरशीवर ठेवा. डुगडुगत असेल तर ती वाकलीय, तिच्यावर मेहनत घालू नका.

32 स्पोक, दोन्ही बाजूंना तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक त्याच बाजूचे तीन स्पोक ओलांडतो). डिस्क ब्रेकच्या हबला सरळ, न ओलांडणारे स्पोक कधीच नाहीत, कारण ब्रेकचा पीळ हबकडून रिंगकडे स्पोकवाटेच जातो. कॅसेटच्या बाजूपासून सुरुवात करा, पहिला स्पोक व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, मग दर चौथ्या भोकात. शेवटी व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक एकमेकांपासून दूर झुकलेले दिसले पाहिजेत, नाहीतर पंपाचं तोंड आत जात नाही. आट्यांना जवसाच्या तेलाचं एकेक बोट लावा. किराणा दुकानातलंही चालतं, फक्त सुकायला वेळ घेतं. ताणताना ते वंगणाचं काम करतं, सुकल्यावर चिकटून निपल धरून ठेवतं. डावी बाजू मागच्या चाकात नेहमी सैल असते, तिथे हे फार उपयोगी.

सगळे निपल आटे जेमतेम झाकेपर्यंत सारखे फिरवा. मग प्रत्येकाला अर्धा फेरा, पुन्हा सगळीकडे अर्धा. थोडा ताण आला की अंगठ्याने प्रत्येक स्पोक फ्लँजपाशी दाबून कोपर बसवा. हे कारखान्यातल्या स्वस्त चाकात कोणी करत नाही, आणि तिथूनच दुखणं सुरू होतं. त्यानंतर पाव फेऱ्यांनी काम: आधी वरखाली उडी काढा, मग डावी-उजवी आउट. ताण वाढला की स्पोक निपलबरोबर पिळतो. म्हणून पाव फेरा हवा असेल तर जरा जास्त फिरवून तेवढंच मागे या. पिळलेला स्पोक पहिल्याच राइडला टिक-टिक करत सुटतो आणि चाक पुन्हा आउट.

मग हातमोजे घालून समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात आवळा, पूर्ण चाकभर. पुन्हा आउट बघा. बिघडलेली असेल, पुन्हा काढा. आवळल्यावरही चाक जागचं हलत नाही तोवर हे चालू ठेवायचं. इथे घाई केलेलं चाक महिन्याभरात परत येतं.

डिशचा गेज (रिंग मधोमध आहे का हे बघायचं साधन) नसेल तर सारख्या उंचीचे तीन स्टीलचे पेले सपाट टेबलावर ठेवा, त्यावर रिंग ठेवा आणि मध्ये हबच्या टोकाखाली नाणी रचून उंची मोजा. चाक उलटं करा. तीच नाणी तशीच बसली तर रिंग मधोमध आहे.

टेन्शन मीटर असेल तर कॅसेटच्या बाजूला 100 ते 120 किलो ताण. डाव्या बाजूला त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास येईल, ते ठीक आहे, दोन्ही सारखे करायला जाऊ नका. पुढच्या डिस्क चाकात उलटं, डिस्कची बाजू जास्त ताठ. मीटर नसेल तर नखाने वाजवून बघा. एका बाजूचे सगळे स्पोक जवळपास एकाच सुरात वाजले पाहिजेत. आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की पुरे. त्याहून सरळ करण्याच्या नादात ताण वर-खाली करणारे लोक पाहिलेत. सारखा ताण आधी, सरळपणा नंतर.

त्या पोराचं चाक अजून टिकलंय. काका म्हणतात, पोरगं आता जपून चालवतं.

काकांचा दुसरा हट्ट हवेचा, आणि तो चाकं मारण्यात स्पोकइतकाच सामील आहे. टायर दगडासारखा कडक हवा, 50-60 पीएसआय. रस्त्यावर ठीक. आपल्या बेसॉल्टवर एवढ्या हवेचा टायर प्रत्येक दगडावरून उडतो, पकड जाते, आणि धक्का थेट रिंगला व स्पोकला. 70 किलोचा माणूस, 2.25 ते 2.35 रुंदीचा ट्यूबलेस टायर, रिंग आतून 25 ते 30 मिमी: पुढे 20-22, मागे 23-25 पासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर 30च्या आसपास, नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात.

ट्यूबलेस इथे चैन नाही. बाभळीचे काटे आहेत तिथे ट्यूबवर राइड करणं म्हणजे पंक्चर काढायला जाणं. टेप रिंगच्या आतल्या रुंदीपेक्षा 2 ते 5 मिमी रुंद, सीलंट 29 इंचीला 90 ते 120 मिली. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते लवकर सुकतं, दोन महिन्यांनी काडी घालून बघा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: ट्यूबलेस टायर मोठा फाटून वाटेत ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी आतून फडकं फिरवून सगळे काटे उपटा. सीलंटने बुजवलेली काट्यांची टोकं आत डोकावत असतात, नवी ट्यूब हवा भरताच पंक्चर होते. साइडवॉल चिरली तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा आतून लावा, घरी पोचाल.

आता खरेदी, थोडक्यात. दुकानात गेलात की आधी मागचा हब बघा. आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असेल तर नको. त्यात उजवीकडचा बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत खूप डावीकडे असतो, एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय राहतो आणि वाकतो किंवा तुटतो. कॅसेट असलेला फ्रीहब हवा. शिमानोची जुन्या पद्धतीची एचजी बॉडी असेल तर त्यावर नंतर 11-51 दातांची अकरा-स्पीड कॅसेट बसते, म्हणजे पुढे एकच 32 दातांची चेनरिंग आणि क्लच असलेला (चेन उडू न देणारा) मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, लावून रेसपुरता गिअर तयार. फोर्क हवेचा मिळाला तर उत्तम. नसेल तर स्टीअरर (फोर्कची वरची दांडी) टेपर्ड, म्हणजे खाली जाड आणि वर बारीक, आहे का एवढं बघून ठेवा, नंतर बदलता येतो. हार्डटेलच्या किमतीत मिळणारी डबल सस्पेन्शन सायकल फुकट दिली तरी घेऊ नका.

फ्रेम जोडून घ्यायचा मोह होईल, कारण सातपूर-अंबडला टिग वेल्डर मिळतात. 4130 क्रोमोली (स्टीलचा प्रकार) असेल आणि जिग (जोडताना नळ्या सरळ धरणारा साचा) नीट असेल तर विचार करा. पण तडकलेली 6061 ॲल्युमिनियमची फ्रेम तिथे शिवून आणू नका. जोडाच्या आजूबाजूचा धातू उष्णतेने मऊ पडतो, पूर्ण फ्रेम पुन्हा भट्टीत उष्णोपचार केल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. ती शेजारीच पुन्हा तडकते, बहुधा उतारावर.

आता रेसिंगबद्दल. माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत 1996 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. दीड तासाच्या आसपासची सर्किट रेस असते, 200 किलोमीटरच्या राइडची तयारी तिथे फारशी कामी येत नाही. छोटा चढ पूर्ण जोर लावून, उतारावर दम घेत, पुन्हा तेच, असा सराव करा. काकांना विचारू नका.

काही गोष्टी राहिल्या. 120 किलो ताण प्रत्येक रिंगला झेपत नाही. रिंगच्या कंपनीने कमाल आकडा दिलेला असतो, तो कमी असेल तर तो पाळा, नाहीतर भोकांपाशी तडे जातात. जुलैमध्ये काळ्या मातीच्या वाटांवर जाऊ नका, चाक फ्रेममध्ये अडकून बसतं. त्यापेक्षा मुरमाचा, खडकाचा रस्ता बघा. परत आल्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर हबवर मारू नका, पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये जातं. अंजनेरीचं पठार राखीव संवर्धन क्षेत्र आहे, तिथल्या सड्यावर सायकल घालणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही.

आणि तुमचे तुटलेले स्पोक फेकले नसतील तर आधी तेच बघा. कोपरावर तुटले असतील तर वर लिहिलंय ते सगळं लागू. निपलपाशी आट्यांवर तुटले असतील तर स्पोक आखूड आहेत, आटे निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाहीयेत. नवे लांब मागवा. कॅसेटच्या बाजूचे बाहेरचे स्पोक ओरखडलेले असतील तर चेन कॅसेट आणि स्पोकच्या मध्ये पडतेय, तेव्हा चाकाला हात लावण्याआधी डिरेलरचा लो स्क्रू (चेन आत किती जाऊ शकते ते ठरवणारा) बसवून घ्या.