शाळेच्या पियानोंचं कोटेशन: नगावर नको, वर्षाचं द्या

न्यू जर्सीतल्या एका सरकारी स्कूल डिस्ट्रिक्टने तुमच्याकडे १४ पियानोंच्या ट्यूनिंगचा भाव मागितलाय, आणि शाळा आहे म्हणून दर किती उतरवू, असं तुम्ही विचारताय. माझं सरळ मत: दर उतरवू नका, आणि नगावर भाव तर मुळीच देऊ नका. वर्षाचा खर्च बांधून द्या.

आधी सगळे पियानो बघून या, आणि या फेरीचे पैसे घ्या. प्रत्येकाचा मेक, सिरियल नंबर, सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वरापासून किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलाय, तारा ताणून धरणाऱ्या पिना ढिल्या आहेत का, हे लिहून काढा. की-स्लिप, म्हणजे पट्ट्यांसमोरची लाकडी फळी, काढून पट्ट्यांखाली बघाच. पेन्सिली, सुटी नाणी, क्लिपा, चॉकलेटची वेष्टनं, काय वाटेल ते निघतं. ‘पट्टी वर येत नाही’ ही तक्रार बहुतेकदा पेन्सिलीचीच असते. चाकंही तपासा. अपराइटचं, म्हणजे उभ्या पियानोचं, वजन मागे असतं. मुलांनी तो छोट्या चाकांवर ढकलत नेला की उताणा पडू शकतो, आणि असे अपघात झालेले आहेत. जो पियानो खोल्या बदलतो त्याच्यासाठी रुंद बैठकीचा पियानो ट्रक (पियानो ठेवून ढकलायची चाकांची चौकट) पहिल्याच वर्षी यादीत घाला.

मग प्रतवारी. समजा स्टेजवरचा एक ग्रँड (आडवा मोठा पियानो) वर्षातून ४ वेळा, कॉयर आणि बँडच्या खोल्यांतले ५ दोनदा, सरावाचे ६ एकदाच. झाली २० ट्यूनिंग. १८० डॉलरने ३,६००. दुरुस्तीला १० तास, ताशी १२० ने १,२००, ही ओळ वेगळी. एकूण ४,८००. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, मांडणी हीच ठेवा. उरलेल्या दोन पियानोंच्या पिना ताण धरत नसतील तर ‘यावर खर्च करू नये’ असं लेखी द्या. शिक्षकांना राग येतो, पण बिझनेस ऑफिसला तोच कागद हवा असतो.

वर्षानुवर्षं हात न लागलेल्या पियानोचा पिच रेझ, म्हणजे उतरलेला सूर आधी वर आणण्याचं काम, वेगळा लावा. सुमारे २३० तारा, सगळ्यांचा मिळून ताण १५ टनांच्या वर. एका टोकाच्या तारा चढवल्या की आधी लावलेल्या उतरतात, म्हणून एक ढोबळ फेरी आणि मग खरं ट्यूनिंग. कोटेशनमध्ये हे नसेल तर ती फेरी तुमच्या खिशातून जाते.

वेळेचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये शाळा रिकामी असते म्हणून सगळे तिकडेच ओढतात. पण तेव्हा हवा दमट, साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगलेला, सूर चढलेला. हीटिंग सुरू झालं की महिन्याभरात सूर खाली. एनजेईएचं, म्हणजे न्यू जर्सीतल्या शिक्षक संघटनेचं, अधिवेशन नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. हीटिंग लागलेलं, घंटा नाही, डिसेंबरचा कॉन्सर्ट पुढ्यात. कस्टोडियनशी (शाळेची इमारत सांभाळणाऱ्याशी) आधी बोलून ठेवा म्हणजे झालं.

कागदपत्रं: डब्ल्यू-९ (करासाठीचा फॉर्म), बिझनेस रजिस्ट्रेशन, लायबिलिटी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, मुलं असताना काम असेल तर फिंगरप्रिंटिंगबद्दल विचारून घ्या. आणि पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डरचा, नंबर हातात आल्याशिवाय ट्यूनिंगची हातोडी बाहेर काढायची नाही. संगीत शिक्षिका कितीही गोड बोलून ‘उद्याच या, कागद नंतर’ म्हणाली तरी. ऑर्डरआधी केलेल्या कामाचं बिल ऑडिटमध्ये अडकतं, आणि तिच्या हातात काही नसतं. बिलं बोर्डाच्या मासिक बैठकीत मंजूर होतात, तेव्हा पैसे यायला महिना-दोन महिने धरा.

त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. पुढच्या वर्षाचं बजेट हिवाळ्यातच बांधतात, म्हणून तुमचा आकडा डिसेंबरपर्यंत पोचवा. दुरुस्तीच्या ओळीसाठी वर्षभराचा एकच खुला पीओ मागा. मेमध्ये त्यात किती उरलंय ते विचारा. उरलं असेल तर कॉयरच्या खोलीतल्या पियानोच्या हॅमरवरच्या (तारांवर आपटणाऱ्या फेल्टच्या हातोड्यांवरच्या) खाचा घासून काढायला तेवढ्यात जमतं.