आल्प्समधल्या हटमध्ये पाणीसुद्धा विकत का?

तुमचा प्रश्न असा: आपल्याकडे गडावर टाक्याचं पाणी फुकट, मग स्वित्झर्लंडच्या हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात, एका बाटलीला एवढे फ्रँक कशाला? ही लूट नाही का?

लूट नाही. उंचावरच्या बऱ्याच हटपर्यंत रस्ताच नाही. पीठ, गॅस, बिअर, बाटल्या सगळं हेलिकॉप्टरने वर येतं आणि कचराही तसाच खाली जातो. म्हणजे पैसे पाण्याचे कमी, उड्डाणाचे जास्त. चहूबाजूंनी बर्फ असलं तरी ते वितळल्याशिवाय उपयोगाचं नाही, आणि रात्री पुन्हा गोठतं. बऱ्याच ठिकाणी बेसिनवर पाटीच असते, हे पाणी पिऊ नका. अंघोळीचं तर विसराच.

मी राहिलोय त्यांतली कॉन्कॉर्डिया हट घ्या. उंची 2850 मीटर, खाली आलेत्श हिमनदी. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनला ट्रेनने पोचून तिथून कमरेला दोर बांधून काही तास बर्फावरून चालायचं, आणि शेवटी कड्याला ठोकलेला लोखंडी जिना. 1877 मध्ये पहिली हट बांधली तेव्हा बर्फ बरंच वरपर्यंत होतं. ते खचत गेलं तसा जिना खाली वाढवावा लागला. आता चारशेहून जास्त पायऱ्या आहेत. दिवसभराच्या चालीनंतर पाठीवर सॅक घेऊन त्या चढताना बाटलीची किंमत आपोआप पटते.

पैसे वाचवायचेच असतील तर जेवणासकट बुकिंग करा. बऱ्याच हटमध्ये त्यात चहा येतो आणि सकाळी थर्मास भरून देतात. व्हेज हवं हे बुकिंगच्या वेळीच सांगा, ऐनवेळी चालत नाही, कारण संध्याकाळी सगळ्यांना एकच ठरलेलं जेवण असतं. आणि त्यांच्या व्हेजमध्ये अंडं, चीज धरलेलं असतं. स्लीपिंग बॅग नेऊ नका, ब्लँकेट मिळतं. आतलं पातळ रेशमी लायनर, म्हणजे चादरीची पिशवी, मात्र स्वतःचं लागतं. बूट दाराशी काढून तिथल्या सपाता घालायच्या. रोख फ्रँक जवळ ठेवा.

रजिस्टरमध्ये नावापुढे उद्या कुठे जाणार तेही लिहायचं असतं. आपले लोक हमखास तो रकाना कोरा सोडतात. सोडू नका, तुम्ही पुढे पोचला नाहीत तर शोधायला निघणारे आधी तोच बघतात.